343 पैकी 7 गुण

सांगलीतल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. बाहेरच्या माणसाला हे काम फार पुण्याचं वाटतं. "वा, शेतकऱ्यांची सेवा!" असं लग्नाकार्यात भेटलेलं कुणीही म्हणतं. त्यावर "हो ना" म्हणून पानात लक्ष घालायचं, हे मला बरीच वर्षं छान जमत होतं. खरं तर दुपारी चारनंतर घड्याळाकडे बघत बसावं इतका त्या कामाचा कंटाळा आला होता. आता येत नाही. मधल्या काळात काय काय करून बघितलं, त्यातलं काय लागू पडलं आणि कशात नुसता वेळ गेला, ते मांडते आहे. नोकरी तीच आहे, साहेब तेच आहेत, पगारही फारसा हललेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

काम असं असतं. माती पिशवीतून येते, आत चिठ्ठी. ती सावलीत वाळवायची, लाकडी खलात कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. मग सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), चुनखडी. आणि कुणी जादा पैसे भरले असतील तर लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबं. सेंद्रिय कर्बाचं टायट्रेशन माझ्याकडे. एक ग्रॅम मातीवर 10 मिली पोटॅशियम डायक्रोमेट, त्यावर 20 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. फ्लास्क एकदम तापतो, हाताला कळतं. अर्धा तास तसाच ठेवायचा. मग पाणी, फॉस्फरिक ॲसिड, इंडिकेटरचे थेंब, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबानं सोडत जायचं. गढूळ जांभळट निळा रंग एका थेंबासरशी लख्ख हिरवा होतो. तो थेंब पुढं गेला की सगळं पहिल्यापासून. नवीन होते तेव्हा हा रंग पालटताना बघायला मी शेजारणीला हाक मारायचे. पुढं पुढं फ्लास्कच्या रांगा लागल्या आणि हिरवा म्हणजे 'झालं एक' एवढाच अर्थ उरला.

वहीत 0.42 लिहायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं, छापील कागदावर सही. तो 0.42 कुणाच्या रानाचा, त्यात ऊस आहे का हळद, त्यानं पुढं काय केलं, काही कळायचं नाही. कागद न्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांना तो कुठल्या तरी फायलीला जोडायचा असायचा. आकडे बघायचे नाहीत, शिक्का आहे ना तेवढं बघायचे. 2015 साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली तेव्हा तर चौकटीनं नमुने घेतले जायचे, बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. आमच्या भागात अडीच हेक्टरात भावाभावांची, चुलत्यांची मिळून पाच-सहा रानं सहज बसतात. त्या सगळ्यांना मिळून एक आकडा. त्या काळात मी नक्की कुणासाठी टायट्रेशन करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

कंटाळा घालवायचे उपाय लोक सांगतात ते सगळे केले. एका मैत्रिणीनं कृतज्ञतेची डायरी सांगितली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. लवकरच 'चहा बरा होता' आणि 'एस.टी.त जागा मिळाली' ह्या दोन गोष्टी रोज आलटूनपालटून यायला लागल्या. संस्थेनं एकदा कोल्हापूरहून वक्ते बोलावले. त्यांनी आम्हाला फुगे फुगवायला लावले, मग ते एकमेकांचे फोडायला लावले आणि म्हणाले, बघा, दुसऱ्याचा फुगा फोडून आपण मोठे होत नाही. मामांनी, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटनी, दोरा बांधून एक फुगा नातवासाठी घरी नेला. त्या दिवसाचा तेवढाच फायदा.

नोकरी बदलायचा प्रयत्नही झाला. कुरकुंभ एम.आय.डी.सी.तल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलसाठी मुलाखत दिली, निवड झाली. पगार चांगलाच जास्त होता. मुलाखतीत मी विचारलं, "मी तपासलेली बॅच पुढं कुठं जाते, तिचं काय होतं, हे आम्हाला कळतं का?" समोरचे गृहस्थ सज्जन होते, हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पास का फेल एवढंच बघायचंय." म्हणजे तिथंही आकडाच, फक्त मशीन महागातलं आणि खोली एसीची. गेले नाही. अर्थात फक्त ह्या उत्तरामुळं गेले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. नवऱ्याचं दुकान सांगलीत, मुलगी शाळेत, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर. असल्या कारणांनीच माणसं निम्मे निर्णय घेतात आणि नंतर त्यांना तत्त्वाचं नाव देतात.

मात्र एक गोष्ट डोक्यात घोळत होती. 2019 चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांवर गेलेलं. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या गावांतून मातीच्या पिशव्या घेऊन माणसं स्वतः आली. कुणाच्या रानात गाळ बसलेला, कुणाची वरची माती खरवडून गेलेली. कागदासाठी ती व्हरांड्यात थांबून राहायची आणि हातात आल्याबरोबर विचारायची, "ताई, आता काय करायचं?" काम दुपटीनं वाढलं होतं, घरी जायला रोज उशीर. तरीही त्या दिवसांत मी घड्याळ बघितल्याचं आठवत नाही. पुढं सगळं रुळावर आलं, पिशव्या पुन्हा शिपायांमार्फत यायला लागल्या, आणि चार वाजल्यावर पुन्हा घड्याळ.

माझा आतेभाऊ पुण्यात एका कंपनीच्या एच.आर.मध्ये आहे. दिवाळीत त्याच्यापुढं हे सगळं ओकले. म्हणाला, "अगं, तुला सूत्र आवडतात ना? मग एक सूत्र घे." हॅकमन आणि ओल्डहॅम ह्या दोन अमेरिकी संशोधकांनी 1975-76 च्या सुमारास कामाचं मोजमाप करायची एक पद्धत मांडली. पाच प्रश्न. कामात किती तऱ्हेची कौशल्यं लागतात? एक अख्खं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुमच्या हातून जातं का? त्याचा दुसऱ्या कुणाच्या आयुष्यावर परिणाम होतो का? ते कसं करायचं हे ठरवायची मुभा तुम्हाला आहे का? आणि काम नीट झालं की नाही हे कामातूनच कळतं का? प्रत्येकाला 1 ते 7 गुण. पहिल्या तिन्हींची सरासरी काढायची, तिला चौथ्यानं गुणायचं आणि आलेल्या उत्तराला पाचव्यानं. सगळीकडे सात मिळाले तर 343.

मी फराळाच्या ताटाशेजारीच पेन घेऊन बसले. कौशल्यं 4, अख्खं काम 2, परिणाम 5. सरासरी 3.67. मुभा 2. कळणं 1. उत्तर 7.33.

343 पैकी 7! आतेभाऊ हसायला लागला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी ते सूत्र उलटंसुलटं करून बघत होते. 'परिणाम' ह्या रकान्यात पाचाच्या जागी सात लिहिले तरी उत्तर 8.67. म्हणजे लग्नात भेटणारे लोक, फुगेवाले वक्ते, सगळे मला ज्या गोष्टीची आठवण करून देत होते, की तुझं काम किती मोठं आहे, ती पूर्ण पटली तरी दीड गुणसुद्धा वाढत नव्हता. तेच 'कळणं' एकावरून चारावर नेलं तर 29. सरासरीतला आकडा आणि गुणाकारातला आकडा ह्यांत हा फरक असतो. मला कामाचं मोल कळत नव्हतं असं नाही, कामाचं पुढं काय होतं ते कळत नव्हतं.

आतेभावानं पुढं आणखी एका कामाबद्दल सांगितलं. एमी रेझनेस्की आणि जेन डटन ह्यांनी 2001 साली लिहिलेला निबंध. त्यात हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. काम एकच, पगार एकच. काही जण फक्त सांगितलेली सफाई करायचे. काही जण मात्र पेशंटशी, नातेवाइकांशी बोलायचे, त्यांच्या सोयीनं कामाची वेळ जुळवायचे आणि स्वतःला पेशंट बरा करणाऱ्या मंडळींतले समजायचे. वरून कुणी काही न बदलता माणूस आपल्या कामाची कड थोडी थोडी सरकवतो, असा त्याचा मथितार्थ. मला लगेच आमचे मामा आठवले. त्यांचं काम काचसामान धुणं आणि माती कुटणं. पण पिशवी उघडली की चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळून बघणार, "ही मळीची, पलूसकडची असणार" किंवा "मुरमाड हाय, जतकडची", आणि मग चिठ्ठी वाचणार. बहुतेक वेळा बरोबर. बरोबर निघालं की स्वतःशीच मान डोलवणार. त्यांना निकाल तिथल्या तिथं कळत होता, एम.एस्सी. झालेल्या मला नव्हता.

दिवाळीनंतर साहेबांकडे गेले. म्हटलं, "आठवड्यातून एक दुपार मी खिडकीपाशी बसते. कागद न्यायला येतील त्यांना समजावून सांगते." साहेब म्हणाले, "मॅडम, आपण लॅब आहोत, सल्ला केंद्र नाही. उद्या कुणाचं पीक गेलं तर?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला सातावर बसायचं नव्हतं.

मग मी कागदाच्या तळाला पेननं एक ओळ लिहायला लागले. सही माझीच असते, तिच्यावर एक ओळ. 'कर्ब कमी आहे, पाचट जाळू नका, सरीत कुजवा.' 'पालाश भरपूर आहे, शिफारशीपेक्षा कमी टाकलं तरी चालेल.' असं साधंच. पहिल्या आठवड्यात मलाच ते पोरखेळ वाटलं. पण ओळ लिहायची म्हटल्यावर कागद पूर्ण वाचावा लागायचा. पूर्वी मी कर्बाचा आकडा काढून पुढं ढकलायचे, आता सामू, चुनखडी, लोह सगळं एकत्र बघून ह्या रानाला झालंय काय हे ठरवायला लागले. 'अख्खं काम' ह्या रकान्यातले दोनाचे तीन तिथंच झाले असतील.

काही महिन्यांनी संस्थेच्या एका संचालकांच्या स्वतःच्या द्राक्षबागेचा नमुना आला. त्यावरही मी ओळ लिहिली. त्यांचा साहेबांना फोन, "हे खाली कुणी लिहिलंय? चांगलं आहे, सगळ्यांनाच द्या की." साहेबांनी मला बोलावलं आणि आठवड्यातली ती दुपार जणू त्यांचीच कल्पना असल्यासारखी मला दिली. मी काही बोलले नाही. सांगलीत सहकारात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

खिडकीपाशी सुरुवातीला कुणी फिरकेना. झेरॉक्स कुठं मिळेल हे विचारायला येणारेच जास्त. मग एक दिवस वाळवा तालुक्यातले एक काका आले. कागद खिडकीतून आत सरकवत म्हणाले, "ताई, ह्यो वाचून सांगता का? रानात मीठ फुटलंय." सामू 8.1, क्षारता सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर. म्हटलं, "ह्यावर काय केलंत आत्तापर्यंत?" तर दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन वर्षं जिप्सम टाकत होते. पोत्यांचा खर्च त्यांनी सांगितला तेव्हा मलाच कसंतरी झालं. जिप्सम चोपण जमिनीचं औषध. तिथं मातीला सोडियम चिकटलेला असतो, तो जिप्सममधल्या कॅल्शियमनं हटतो. काकांचं रान खारवट होतं, म्हणजे क्षार पाण्यात विरघळलेले. ते काढायला निचराच हवा. चर काढायचे नाहीतर सच्छिद्र पाईप घालायचे, आणि चांगल्या पाण्यानं क्षार खाली धुऊन लावायचे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात पाईपची अशी कामं झालेली आहेत. क्षारपड म्हणताना लोक दोन्ही एकातच धरतात, वरून दिसायलाही दोन्ही सारखीच. काकांनी मला कागदावर दोन रानं काढून दाखवायला लावली, एक खारवट, एक चोपण. मग घडी घालून कागद टोपीत ठेवला. अर्धा तास गेला. एवढा वेळ एका नमुन्याला मी कधीच दिला नव्हता.

खिडकीचा खरा धक्का वेगळाच होता. मी प्रत्येकाला विचारायला लागले, "माती कुठून काढली?" उत्तरं ऐकून अंगावर काटा यायचा. "बांधाकडची घेतली, आत चिखल होता." "गड्याला सांगितलं होतं, त्यानं कुठून आणली बघायला पाहिजे." एका पिशवीत मामांना शेणाचा तुकडाच सापडला, माती खताच्या उकिरड्याशेजारची होती. त्या नमुन्याचा सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या वर, 'अत्यंत जास्त' ह्या वर्गात! त्या शेतकऱ्यानं कागदावर विश्वास ठेवून नत्राचं (नायट्रोजनचं) खत कमी केलं असतं तर त्याचा ऊस मारला गेला असता. म्हणजे मी ज्या थेंबासाठी श्वास रोखून बसत होते तो थेंब अचूक होता आणि आकडा बिनकामाचा होता.

राग आला, पण तो उपयोगी पडला. साहेबांना शेणाची पिशवीच दाखवली आणि गावात जाऊन नमुना कसा घ्यायचा ते दाखवायची परवानगी मागितली. गाडीभाड्यावर थोडी घासाघीस होऊन ती मिळाली. आता महिन्यातून एखाद-दुसऱ्या गावाला जाते. सोसायटीच्या कट्ट्यावर भाषण करत नाही, सरळ रानात नेते. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडायची. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाण्याचा पाट सोडून. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. खुरप्यानं इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती बाहेर काढून टाकायची आणि मग त्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप काढायचा. सगळे काप घमेल्यात एकत्र, ढेकळं फोडायची, ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. द्राक्षाला वीतभर पुरत नाही, मुळं जातात तिथवर थराथरानं घ्यावं लागतं. आणि खत टाकल्यावर लगेच नमुना घ्यायचा नाही. बायका हे पुरुषांपेक्षा नीट करतात असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पुरुष मंडळी तिसऱ्या खड्ड्यानंतर "सगळं रान एकच हाय की" म्हणून सावलीला बसतात.

ह्याच काळात एक व्हॉट्सॲप ग्रुपही काढला होता. त्यावर सुप्रभात, कीटकनाशकांच्या जाहिराती आणि एका उमेदवाराचा प्रचार सुरू झाल्यावर मी तो बंद केला. ते नाही जमलं.

पहिल्यांदा कामाचं फळ कळलं ते मात्र शिवी खाऊन. ज्याच्या उसाच्या खोडव्यावर (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसावर) केवडा पडला होता, म्हणजे पानं पिवळी पडली होती, असा एक तरुण शेतकरी खिडकीशी येऊन मोठ्या आवाजात बोलायला लागला, "तुमच्या कागदावर लिहिलंय तसंच केलं की मॅडम. अर्धा टक्का हिराकस मारलं दोनदा. पान हाय तसंच पिवळं. फवारणीचे पैसे कोण देणार?" (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोह कमी पडलं की फवारतात ते.) चारचौघं बघायला लागले. साहेब केबिनमधून डोकावले. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, विचारलं, "हिराकस टाकल्यावर पाण्याचा रंग कसा झाला?" म्हणाला, "तांबूस. गढूळ." "पाणी कुठलं?" "बोअरचं." म्हटलं, उद्या बाटलीभर ते पाणी घेऊन या. तो खरंच घेऊन आला. सामू 8.4, पाणी जड. असल्या पाण्यात हिराकसातलं लोह पिकाला मिळायच्या आतच गंजून तळाला बसतं. छापील शिफारशीत पाण्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्याच्याच पाण्यात मी समोर आधी थोडं सायट्रिक ॲसिड घातलं, मग हिराकस. पाणी फिकट हिरवं राहिलं. दुसऱ्या ग्लासात नुसतं हिराकस, ते बघता बघता तांबूस. तो दोन ग्लास शेजारी ठेवून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मंजे मी गंज मारला व्हय?" फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करायची, आणि पुढच्या लागणीच्या आधी एकरी दहा किलो हिराकस शेणखतात मुरवून जमिनीतून द्यायचं, हेही लिहून दिलं.

त्या संध्याकाळी मी घरी खूप बोलत होते म्हणे. नवरा म्हणाला, "आज शिव्या खाऊन आलीस आणि तरी खुशीत?" त्याला सूत्रातला पाचवा रकाना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं जेवण संपेपर्यंत ऐकलं. त्या पोराचं नंतर काय झालं? नवीन पानं हिरवी आली, फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं, 'जुनी पानं तशीच आहेत पण'. तक्रार अजून शिल्लक ठेवली होती. ती रास्तच होती, जुनं पिवळं पान सहसा पूर्ण सुधारत नाही.

आता थोडं कडू. कामात जीव रमायला लागला की आजूबाजूच्यांना ते लगेच कळतं आणि कामं सरकत सरकत तुमच्याकडं यायला लागतात. 'मॅडमना आवडतं ते' ह्या वाक्यावर मी वर्षभर रविवार घालवले. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "ह्याचे वेगळे पैसे देतात का गं?" देत नव्हते. फ्रेडरिक हर्झबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञानं 1959 साली पिट्सबर्गच्या इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींच्या मुलाखतींवरून मांडलं होतं की नाराजी आणि समाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. पगार, साहेब, नियम, बसायची जागा हे बिघडलं की नाराजी येते. हे सुधारलं की नाराजी जाते, पण तेवढ्यानं समाधान येत नाही. समाधान येतं ते काम जमण्यातून, दखल घेतली जाण्यातून, जबाबदारीतून. हे वाचल्यावर मला खिडकीतले काका आठवले. समाधान देऊन पगाराची नाराजी मिटवायला जाणं हे खारवट रानात जिप्सम टाकण्यासारखं आहे. संस्थांना ते आवडतं, कारण जिप्सम स्वस्त पडतं. म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. गावाला जायचं ते कामाच्या दिवशी, रविवारी नाही. प्रवासभत्ता लेखी मंजूर करून घेतला. त्यासाठी साहेबांशी वाजलं, आठवडाभर ते माझ्याशी शेऱ्यांतूनच बोलत होते. नाराजीच्या बाजूला अजून बरंच काही आहे: ॲसिडच्या वाफा ओढून घेणारा फ्यूम हूडचा पंखा अधूनमधून बंद पडतो, वेतनवाढ अडकलेली आहे. त्याबद्दल मी समाधानी नाही आणि व्हायचा प्रयत्नही करत नाही.

ज्या दिवशी नुसते फ्लास्क असतात त्या दिवशी अजूनही कंटाळा येतो. मात्र आता मी चिठ्ठीवर पीक आणि गाव वाचल्याशिवाय माती तोलत नाही. कधी कधी मामांशी पैज लावते, गाव कुठलं म्हणून. मी हरते. दोन वर्षांपूर्वीचा जुना कागद घेऊन कुणी आलं तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे, हा सगळ्यात आवडता भाग. पाचट कुजवायला लागलेल्या एका बाईंच्या रानाचा कर्ब 0.38 वरून 0.47 झाला. वर्गात सांगायचं तर 'कमी'वरून 'मध्यम'. त्यांना ते फार वाटलं नाही, "एवढंच व्हय?" म्हणाल्या. कर्ब हलायला किती वेळ लागतो हे मला माहीत असल्यामुळं मी एकटीच खूश.

परवा सूत्र पुन्हा मांडून बघितलं. कौशल्यं 5, अख्खं काम 5, परिणाम 6, मुभा 3, कळणं 5. उत्तर 80. मुभेला तीनच दिले, कारण प्रत्येक नवीन गोष्टीला अजून कुणा संचालकाच्या बागेची वाट बघावी लागते. 343 माझ्या तरी ओळखीत कुणाचे नाहीत. आतेभावाचे स्वतःचे 52 निघाले आणि तेव्हापासून त्यानं हा विषय काढलेला नाही.

सध्या मागणी अशी लावून धरली आहे की मातीच्या नमुन्याबरोबर विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याची बाटलीही घ्यावी आणि त्याच फीमध्ये सामू, क्षारता बघून द्यावी. साहेब म्हणाले, लेखी द्या, मीटिंगपुढं ठेवतो. लेखी दिलंय. त्याच फायलीत मागच्या पानाला वेतनवाढीचा अर्जही लावलाय, म्हणजे पाण्याचं वाचताना तोही उलटावा लागेल.